आधी सह्या, मग चिरे

या वेळचं पत्र देवगड तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हटलंय. पत्र लांब आहे, त्यातला गाभा तेवढा देतो.

"काका, मी आमच्या गावच्या ग्रामसंघाची सचिव आहे. नऊ बचत गटांनी मिळून आंब्याचा पल्प, कोकमाचं आगळ आणि फणसाचे तळलेले गरे करायचं सामायिक युनिट काढायचं गेल्या वर्षी ठरवलं. रस्त्यालगतची जागा तोंडी होकारावर घेतली, पायाही खणला. मग बँकेने कागद मागितले, तेव्हा सातबारावर अकरा नावं निघाली. चौघं गावात, पाच मुंबईला, एक पुण्याला आणि एक नाव वारलेल्या माणसाचं. कर्ज अडलं, मृगाचा पाऊस आला आणि पायात पाणी साठलं. या वर्षी हंगाम चुकवायचा नाही. भाच्याने संगणकावर 64 कामांची यादी करून दिली आहे. व्हॉट्सॲपवर 78 जणींचा गट आहे. दर आठवड्याला बैठक होते, सगळ्या 'होतला' म्हणतात आणि काहीच होत नाही. कागदपत्रांचं सगळं माझ्या थोरल्या जाऊबाई बघतात. त्या फार राबतात, पण फाईल कोणाला दाखवत नाहीत आणि विचारलं तर दुखावतात. मला वाटतं पद सोडून द्यावं. तुम्ही इतकी वर्षं मोठी कामं सांभाळलीत. इतक्या माणसांचं, इतक्या धाग्यांचं काम आखायचं कसं?"

ताई,

तुमचं पत्र नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. वाचून झाल्यावर मी आधी कॅलेंडर काढलं. चतुर्थीला अठरा दिवस होते. म्हणून हे उत्तर रांगेत न ठेवता लगेच छापा, अशी संपादकांना विनंती केली. छापून येईल तेव्हा तुमच्या हातात दोन आठवडे असतील. ते दोन आठवडे तुमच्या अख्ख्या वर्षातले सगळ्यात मोलाचे आहेत. का, ते पुढे येईल.

तुमच्या भाच्याची यादी मी दोनदा वाचली. मुलाने मनापासून केली आहे. त्यात रंग आहे, टाइल्स आहेत, उद्घाटनाची पत्रिकाही आहे. पण कुठलं काम कुठल्या कामासाठी खोळंबलंय, हे त्या 64 ओळींत एकदाही लिहिलेलं नाही. "सातबारावरील संमती" ही ओळ 23 व्या क्रमांकावर आहे, "बोर्ड रंगवणे" याच्या खाली. तुमचं गेलं वर्ष तिथेच गेलं.

मी तीस वर्षं कोकणात ओढ्या-ओहोळांवरचे साकव, छोटे पूल आणि धक्के बांधायच्या कामांवर होतो. त्यातल्या एका साकवाचं सांगतो. नोव्हेंबरात खडी, सळई, सिमेंट, गवंडी सगळं जागेवर होतं. दोन्ही काठांचे पाये भरून झाले. पलीकडच्या काठाला रस्त्याशी जोडणारी तीन गुंठे जागा सामायिक होती आणि सातबारावरच्या एका आजींची संमती राहिली होती. त्या मुंबईला लेकाकडे असायच्या. घेईल कोणीतरी, असं मी धरून चाललो. माझं काम काँक्रीटचं, कागदाचं नव्हे, अशी माझी तेव्हा समजूत होती. डिसेंबरात त्यांच्या मुलाने हरकत घेतली. मे उजाडला तरी काम बंद. सळई गंजली आणि पलीकडच्या वाडीतली पोरं आणखी एक पावसाळा ओंडक्यावरून ओहोळ ओलांडून शाळेत गेली. शेवटी मी स्वतः मुंबईला जाऊन आजींना भेटलो. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माका कोणी इचारूकच नाय." त्यांचा विरोध नव्हताच. सही दोन मिनिटांत झाली. त्या पोरांचा पावसाळा माझ्यामुळे गेला, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून कुठलंही काम हातात आलं की त्यातलं मोठं काय हे मी नंतर बघतो. आधी बघतो, दुसऱ्याच्या हातात काय आहे. मेहनतीचं काम आपल्या जोरावर पुढे सरकतं. माणसं वाढवली, दोन पाळ्या केल्या की आठवडा वाचतो. सही, मंजुरी, वीजजोडणी, परवाना यांना जोर लावून काही होत नाही. त्यांना लवकर हात घालणं एवढंच आपल्याला करता येतं.

याचं शास्त्रही आहे आणि ते फार अवघड नाही. 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामांसाठी एक रीत बसवली. कामं एकामागून एक कशी जोडली आहेत ते कागदावर काढायचं आणि त्या जाळ्यातली सगळ्यात लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं एक काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. साखळीबाहेरची कामं थोडी पुढेमागे झाली तरी चालतात. इंजिनिअर लोक तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. तुम्ही लांब साखळी म्हणा.

तुमची लांब साखळी मी पत्रावरून अशी जुळवली. सामायिक जमिनीच्या मालकांची संमती. मग ग्रामसंघाच्या नावे नोंदणीकृत भाडेपट्टा. त्याशिवाय बँक पुढे जाणार नाही. मग कर्जाची मंजुरी, तिच्यातून यंत्रांची आगाऊ रक्कम आणि बांधकाम. मग थ्री फेज वीज. मग यंत्रं बसवणं आणि चाचणी. चिरे कुठल्या खाणीतून आणायचे यावर तुमच्या दोन बैठका झाल्या असं लिहिलंत. त्या दोन बैठका संमतीवर झाल्या असत्या तर बरं झालं असतं.

या साखळीला दोन छुपे दुवे आहेत. ते यादीत कोणालाच दिसत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिला विजेचा. महावितरणकडे अर्ज करताना किती भार लागणार ते सांगावं लागतं. पल्पर किती हॉर्सपॉवरचा, केटलसाठी बॉयलर कसला, शीतपेटी आहे का, हे ठरल्याशिवाय तो आकडा कुठून येणार? म्हणजे यंत्रं विकत घेण्याच्या कितीतरी आधी ती ठरवावी लागतात. ठरवायला पैसे लागत नाहीत, तीन ठिकाणची कोटेशनं लागतात. ती सप्टेंबरातच मागवा. दुसरा दुवा लेबलचा. बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक छापावाच लागतो. परवाना नाही तर क्रमांक नाही, क्रमांक नाही तर लेबल नाही. पल्प तयार, बाटल्या भरलेल्या आणि लेबल छापखान्यात, अशा अवस्थेत लोकांचा मे महिना गेलेला मी पाहिला आहे. पाण्याचा तपासणी अहवाल, ग्रामपंचायतीचा दाखला, जागेचा कागद अशी परवान्याची तयारी बांधकामाच्या जोडीनेच चालू ठेवा.

मिठबाव-तांबळडेगच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही लहानपणापासून बघितली असेल. जाळ्याच्या दोन दोऱ्या, दोन रांगा, आणि दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओढायच्या. एका बाजूच्या गड्यांनी जोर करून दोरी पुढे नेली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. तुमच्या कामाच्या दोन दोऱ्या म्हणजे बांधकाम आणि कागद. गेल्या वर्षी बांधकामाची दोरी पुढे गेली. पाया खणला आणि भाडेपट्टा नव्हता. या वर्षी दर बैठकीत पहिला प्रश्न हाच ठेवा: दोन्ही दोऱ्या कुठे आल्या?

आता काम संपलं कधी म्हणायचं ते ठरवा. "युनिट सुरू करायचं" हे मला पुरेसं वाटत नाही. एकीच्या मनात उद्घाटन आहे, दुसरीच्या मनात पहिली विक्री, तिसरीच्या मनात कर्जाचा पहिला हप्ता. एक वाक्य लिहा आणि भिंतीवर लावा. मी असं लिहीन: "5 मेपर्यंत परवाना क्रमांक असलेल्या, लेबल लावलेल्या हापूस पल्पच्या 500 बाटल्या आपल्या युनिटमध्ये भरून तयार." 5 मेच का? मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा महिन्याचा मध्य होता. झाडावरचा आंबा पडला आणि आपल्याकडे कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. वादळ दरवर्षी येत नाही, पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यावर सगळी भिस्त ठेवणं मला पटत नाही. शिवाय मालाला पहिला हात घालताना चुका होणारच. त्या दुरुस्त करून पुढचे तीन आठवडे तरी जोरात काम करता यायला हवं.

आणि फणसाचे गरे या वर्षी नकोत. मला ठाऊक आहे, तीन गटांचा जीव त्यात आहे. पण तळण वेगळं, तेल वेगळं, पॅकिंग वेगळं, टिकाऊपणाची तपासणी वेगळी. पहिल्या वर्षी तीन मालांचा घाट घातला तर तिन्ही अर्धवट राहतील. त्या तीन गटांना स्पष्ट सांगा की पुढच्या वर्षी पहिला मान गऱ्यांचा, आणि ते ग्रामसंघाच्या ठरावात लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितलंत तर त्या मनातून बाजूला होतील.

मग 5 मेपासून उलटं चालत या. एप्रिलच्या मध्यावर चाचणी. मार्चअखेर यंत्रं बसलेली आणि परवाना हातात. मार्चच्या मध्यावर वीज. फेब्रुवारीअखेर छप्पर आणि गिलावा. नोव्हेंबरअखेर कर्जमंजुरी, दसऱ्यापर्यंत भाडेपट्टा. इंग्रजी महिन्यांच्या या ओळीखाली आपल्या गावाचा महिना लिहा, कारण माणसं त्या महिन्याने चालतात. ऑक्टोबरात भातकापणी, बैठकीला निम्म्या जणी येतील. फेब्रुवारीपासून काजू, मग आंबा. म्हणजे युनिटला सगळ्यात जास्त हात लागतील तेव्हाच तुमच्या बायका सगळ्यात जास्त गुंतलेल्या असणार. प्रशिक्षण म्हणून जानेवारीतच उरका. यंत्र हाताळायला, बाटल्या निर्जंतुक करायला शिकताना हापूस लागत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात आत्ताच विचारून ठेवा. शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असताना गवंडी मिळेल अशी आशा ठेवू नका. ते दिवस आधीच कामातून वजा करा. सिमेंटचं काम झालं की पाणी मारायचे दिवसही वजा करा. हल्ली बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट येतं, त्याला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. गवंडी घाई करील, तुम्ही करू नका.

दिवसांचे अंदाज कसे घ्यायचे, हा तुमच्या "होतला"वरचा उपाय आहे. "कधी होईल?" असं विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. त्यात लबाडी नसते, माया असते. तुम्ही तीन आकडे मागा. सगळं सुरळीत झालं तर किती आठवडे? साधारण किती? आणि सगळं अडलं तर? समजा वीजजोडणीला उत्तर आलं तीन, सहा आणि पंधरा. मधल्या आकड्याला चारने गुणा, दोन टोकं मिळवा, सहाने भागा. तीन अधिक चोवीस अधिक पंधरा म्हणजे बेचाळीस, भागिले सहा, सात आठवडे. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी जी पर्ट पद्धत बसवली, तिच्यातलं हे गणित. मला गणितापेक्षा तिसरा प्रश्न आवडतो. "सगळं अडलं तर पंधरा का?" असं विचारलं की समोरची बाई सांगते, खांब आपल्या वाडीपासून लांब आहे, नवीन खांब टाकावे लागतील, मधे अमक्यांची कलमं आहेत. तुम्हाला हवी होती ती माहिती ही. ती "होतला"च्या आत दडलेली होती.

आणि प्रत्येक कामात चार-चार दिवस जास्तीचे लपवून ठेवू नका. घरोघरी थोडं थोडं भात राखलं तर ते कुठे खर्च झालं कळतही नाही. एका कणगीत ठेवलं तर अडीअडचणीला काढता येतं. सगळे राखीव दिवस शेवटी एकत्र ठेवा. एप्रिलच्या मध्यापासून 5 मेपर्यंतचे तुमचे वीस दिवस म्हणजे ती कणगी. तिच्यातले किती उरले हे दर आठवड्याला सगळ्यांना दिसू द्या.

कोकण रेल्वेचं उदाहरण मला नेहमी आठवतं, कारण ते काम होताना मी रत्नागिरीत होतो. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे आणि लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. आखणी होती पाचेक वर्षांची, संपूर्ण मार्ग खुला झाला जानेवारी 1998 मध्ये. सगळ्यांना वाटायचं उशीर करील तो साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, किंवा पानवल नदीवरचा तो उंच पूल. पण कातळ कितीही कठीण असला तरी तो किती दिवसांत फुटेल याचा हिशोब करता येतो. जास्त काळ खाल्ला तो मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतल्या बोगद्यांनी. गोव्यातला पेडण्याचा बोगदा शेवटपर्यंत पुरला. आणि गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून लोकांनी आंदोलन केलं, तिथे काम थांबलं. अंदाज न येणारी माती आणि आधी न विचारलेली माणसं. माझ्या साकवाला आणि तुमच्या पायालाही त्यातल्याच एकाने अडवलं.

त्या कामातली दुसरी गोष्ट तुम्हाला आज वापरता येईल. मार्गाचे सात विभाग पाडले होते आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. आपल्या विभागातले निर्णय तो तिथेच घ्यायचा. तुमच्याकडे सातही नकोत, चार पुरेत: जागा आणि कर्ज, बांधकाम आणि वीज, यंत्रं आणि प्रशिक्षण, परवाना आणि विक्री. प्रत्येकावर एक बाई. एकच. "आम्ही तिघी बघू" हे उत्तर घेऊ नका. मदतीला कितीही जणी असोत, विचारलं तर उत्तर कोण देणार ते एकच नाव असावं. आणि तिला ठरावीक रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार द्या. खिळ्यांच्या पुड्यासाठी बैठक बोलवावी लागली तर ती बाई महिन्याभरात थकेल.

64 कामांतली त्या चौघींच्या वाटेला येतील ती त्यांना देऊन टाका. तुम्ही स्वतः फक्त दहा-बारा टप्पे सांभाळा. ग्रामसंघाच्या खोलीत भिंतीवर मोठा खाकी कागद लावा, आडव्या ओळीत आठवडे, उभ्या ओळीत चार विभाग, आणि टप्पे चिठ्ठ्यांवर. लांब साखळीतल्या चिठ्ठ्या लाल. व्हॉट्सॲपवर फोटो आणि निरोप जाऊ देत, निर्णय मात्र या कागदासमोर उभ्याने, अर्ध्या तासात.

जाऊबाईंचं मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतलं, कारण तुम्ही ते स्वभावाचं प्रकरण म्हणून लिहिलंय आणि मला ते आखणीचं वाटतं. सगळे कागद एका माणसाच्या पिशवीत असतील तर त्या माणसाला ताप आला की प्रकल्पाला ताप येतो. हे त्यांच्याविषयी काही वाईट बोलणं नाही. माझ्या हाताखालच्या सगळ्यात चांगल्या मुकादमाविषयीही मी हेच म्हणालो असतो.

बैठकीत हा विषय काढू नका. संध्याकाळी त्यांच्या पडवीत जा. फाईल मागू नका. म्हणा, "वहिनी, बँकेत तुम्ही गेलात म्हणूनच साहेब ऐकून घेतात. मला हे शिकायचंय. या वेळी मला आणि आणखी एका मुलीला बरोबर न्याल?" आणि खरंच शिकायला जा. मग दोन-तीन फेऱ्यांनंतर म्हणा, "पावसात कागद भिजायची भीती वाटते, सगळ्याची एक प्रत ग्रामसंघाच्या कपाटात ठेवूया का?" जागा आणि कर्ज या विभागाचं नाव त्यांचंच ठेवा. ज्या बाईने वर्षभर एकटीने बँकेच्या पायऱ्या चढल्या तिला बाजूला केलंत तर तुमच्याकडे कागद येतील, तिचं डोकं येणार नाही. मला वाटतं त्या फाईल दाखवत नाहीत कारण तिच्यात काहीतरी अपुरं राहिलंय आणि ते सांगायची त्यांना लाज वाटते. कदाचित माझा अंदाज चुकत असेल. पण तसं असेल तर तुम्ही रागावणार नाही हे त्यांना आधी कळायला हवं.

पुढच्या बैठकीत एक प्रयोग करा. सगळ्या जणींना चिठ्ठ्या द्या आणि सांगा: "समजा आज 15 मे आहे आणि आपलं युनिट बंदच आहे. का बंद आहे ते लिहा. नाव घालू नका." "काय अडचण येईल?" असं विचारलं तर बाया गप्प बसतात, अपशकुन नको म्हणून. काम फसलंच असं धरून विचारलं की लिहितात. ज्या कारणाच्या चिठ्ठ्या जास्त, त्यावर त्याच दिवशी एक नाव आणि एक तारीख टाका.

पैशाचं थोडक्यात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून 35 टक्के अनुदान मिळेल असं तुम्ही जमेत धरलंय. ते कर्जाशी जोडलेलं असतं, गवंड्याला द्यायला रोख म्हणून हातात येत नाही. बांधकामाचा हिशोब ते वगळून करा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातून जिल्हा संसाधन व्यक्तीचा पत्ता घ्या. प्रकल्प अहवाल करायला ते मदत करतात आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. या वर्षीच्या अटी आणि मुदत तिथेच विचारा. हे सप्टेंबरात झालं तर भाडेपट्टा होईपर्यंत बँकेची फाईल तयार असेल.

आणि मागे फिरायची तारीख आजच ठरवा. मी संक्रांत, 14 जानेवारी, सुचवीन. त्या दिवशी तीन गोष्टी बघायच्या: भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, आल्यात का, महावितरणचं कोटेशन भरलंय का, यंत्रांची आगाऊ रक्कम गेली आहे का. तिन्ही झाल्या असतील तर पल्पचं काम पुढे. एक जरी राहिली असेल तर या हंगामात पल्प नाही, फक्त कोकम. रातांब्यांना थ्री फेज लागत नाही. मीठ, पिंपं, ऊन आणि तुमच्या हातांची सवय यावर आगळ आणि आमसुलं होतात. सोसायटीचं जुनं गोदाम पोत्यांसाठी वापरता असं तुम्ही पत्रात लिहिलंय. ते साफ करून, परवान्यात तोच पत्ता घालून तिथे करता येईल. हे आत्ता ठरवून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवलंत तर जानेवारीत कोणी कोणावर अपयशाचा ठपका ठेवणार नाही. गेल्या वर्षी हे ठरलेलं नव्हतं, म्हणून जूनपर्यंत सगळ्या एकमेकींना धीर देत राहिल्या आणि हंगामात हाताला काहीच लागलं नाही.

पद सोडू नका. नऊ गटांना एकत्र बांधून ठेवणारी बाई बदलायला ही वेळ नाही. आणि चार विभाग झाले की तुमच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल.

आता त्या दोन आठवड्यांचं. कोकणातल्या सामायिक जमिनीचे सगळे मालक वर्षातून एकदाच एका अंगणात असतात. बरेच जण गौरी-गणपतींबरोबर परततात, म्हणजे पाच ते सात दिवस, त्यातही सुट्ट्या वगळल्या तर दुय्यम निबंधक कार्यालयाचे कामाचे दिवस दोन-तीनच. तालुक्याच्या वकिलाकडून भाडेपट्ट्याचा आणि कुलमुखत्यारपत्राचा मसुदा या आठवड्यात करून घ्या, आणि ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी मुखत्यारपत्र कुठल्या निबंधकासमोर करायचं हेही त्यांच्याकडूनच पक्कं करा. कार्यालयातली वेळ आजच घ्या. वारलेल्या काकांच्या वारस नोंदीचा अर्ज उद्याच द्या. फेरफाराच्या नोटिशीलाच पंधरा दिवस जातात, त्यामुळे ती नोंद चतुर्थीपूर्वी होणार नाही. त्यांच्या वारसांनी गणपतीत मुखत्यारपत्र दिलं तर नोंद झाल्यावर गावातल्या माणसाला त्यांच्या वतीने सही करता येईल.

मसुदा पाठवायच्या आधी मुंबईच्या पाचही जणांना आणि पुण्याच्या एकाला फोन करा. फोन जाऊबाईंनी करावा, तुम्ही शेजारी बसा. सहीचं लगेच काढू नका. कोणत्या गाडीने येताय, कणकवलीला उतरणार की नांदगावला, ते विचारा. मग त्यांच्या वडिलांच्या जागेवर काय उभं करायचंय ते सांगा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा.